ट्रेलर घेऊ की टेम्पो सांगू?

फलटण तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"आमची मुलगी नववीत आहे. दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिच्यासाठी मारवाडी घोडी आणायचं ठरलंय. घरी बोलेरो पिकअप आहे. पुण्याकडच्या एका ओळखीच्यांचा दोन घोड्यांचा जुना ट्रेलर विकायचा आहे. रंग नवा मारलाय, दिसायला झकास आहे. मेहुणे म्हणतात, गावातला ट्रॉलीवाला निम्म्या पैशात नवाकोरा करून देईल. सासरे म्हणतात, खर्च कशाला, गायी आणतो तशी टेम्पोत घालून आणू. मुलगी मोबाइलवर परदेशातल्या ट्रेलरचे व्हिडिओ दाखवते आणि म्हणते, मी घोडीजवळ मागेच बसून येणार. माझं डोकं चालेनासं झालंय. काय घेऊ सांगा."

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. यंदा ट्रेलर घेऊ नका. जुना नको आणि ट्रॉलीवाल्याकडचा नवाही नको. घोड्यांचा फ्लोट, म्हणजे खास घोडे न्यायला बांधलेली गाडी, भाड्यानं मिळाला तर तो सांगा, नाही मिळाला तर तुमचीच पिकअप नीट तयार करा. म्हणजे सासरेबुवांचं गाडीपुरतं बरोबर आहे. 'गायी आणतो तशी' एवढ्या तीन शब्दांत मात्र घोडं पेंड खातंय.

गाय टेम्पोत कंटाळली की बसकण मारते आणि रवंथ करत राहते. घोडी बसत नाही. सारंगखेडा, दोंडाईचा, धुळे, मनमाड, नगर, बारामती करत फलटण, हा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता ती चार पायांवर उभी राहून काढणार. घोडं तर उभ्यानंच झोपतं, त्याला कसला त्रास, असं लोक म्हणतात. झोपतं हे खरं आहे. पायांतले सांधे अडकवून स्नायूंना विसावा द्यायची सोय त्याच्या शरीरात आहे. पण ती सोय हलत नसलेल्या जमिनीवरची. चालत्या गाडीत प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला तिला अंग सावरावं लागतं. त्यात घोड्याचं साठ टक्के वजन मुळात पुढच्या पायांवर असतं. ब्रेक लागला की सगळा भार आणखी पुढं ढकलला जातो. बारा-तेरा तास असं सावरत राहणं म्हणजे तिच्या दृष्टीनं बारा-तेरा तासांची चाल, फक्त जागच्या जागी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. रिकाम्या पिकअपच्या हौद्यात स्वतः उभे राहा, दोन्ही हात खिशात घाला आणि मेहुण्यांना शेतातल्या रस्त्यानं सावकाश एक फेरी मारायला सांगा. कशाला धरायचं नाही, टेकायचं नाही. पाच मिनिटांत तुमचे पाय आपोआप फाकतील, नजर खाली जाईल आणि तुम्ही पायाखालचा पत्रा बघायला लागाल. घोडीही तेच करते. म्हणून गाडी बघायला गेलात की रंग, खिडक्या, नाव यांच्याआधी तळ बघा. मी तर गाडीभोवती फिरायच्या आधी खाली वाकतो.

तळाबद्दल हे सगळं मी शहाणपणानं लिहितोय, पण शिकलो पडल्यावरच. फार वर्षांपूर्वी माळेगावच्या यात्रेहून एक घोडी आणली होती. ट्रक भाड्याचा, तळ लोखंडी चेकर प्लेटचा. त्या उठावाच्या नक्षीवर माणसाचा बूट घसरत नाही, म्हणून मी निश्चिंत. वर थोडा कडबा पसरला. पहिल्या तासात घोडी मुतली, कडबा भिजून एका कोपऱ्यात गोळा झाला आणि लोखंडावर लोखंडी नाल, मध्ये ओल. एका वळणावर तिचे मागचे पाय निसटले आणि ती पुढच्या गुडघ्यांवर आली. उठली, पण डाव्या गुडघ्यावरचा केस नसलेला डाग शेवटपर्यंत गेला नाही. ड्रायव्हरची चूक नव्हती. माझी होती.

तर पिकअपचा तळ असा करा. खाली गोठ्यात अंथरतात ती जाड रबरी मॅट, कडेपर्यंत कापून, मध्ये फट न ठेवता. खडबडीत बाजू वर. तिच्यावर तीन इंच बारीक वाळू, हलकी ओलसर. वाळूचे तीन फायदे आहेत. पाय रुततात, मूत जिरतं आणि गाडीला वजन येतं. हे वजनाचं लोकांच्या लक्षात येत नाही. मालवाहू गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, माल भरल्यावर मऊ होतात. रिकामी किंवा अर्धी रिकामी गाडी खड्ड्यात उडते, आणि तिच्यासोबत घोडी. एक घोडी मोठ्या आयशरमध्ये एकटी घालून आणणारे 'ऐसपैस जागा दिली' म्हणतात, पण त्या बिचारीला साडेचारशे किलोमीटर खुळखुळ्यात घातल्यासारखं होतं.

पण वाळूचा हिशेब करा, हात सैल सोडू नका. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा धरला तर तीन इंच थराला साधारण बारा घनफूट वाळू लागते. ओलसर वाळू घनफुटाला पन्नासेक किलो भरते, म्हणजे सहाशे किलो. मारवाडी घोडी चारशेच्या आसपास. दोन माणसं, चारा, पाण्याचे ड्रम मिळून दोन-अडीचशे. तुमच्या आरसीवर गाडीची भारक्षमता किती लिहिली आहे ते बघा आणि ही बेरीज तिच्या आत बसवा. कुणी म्हणालं 'सहा इंच टाका की, मऊ लागेल', तर नुसती वाळूच बाराशे किलो होते. भुसा वर पसरू नका. वाऱ्यानं उडून तिच्या डोळ्या-नाकात जातो.

आता जागा. मोटार वाहन नियमांत जनावरांच्या गाडीत घोड्यामागे सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. गाईला दोन चौरस मीटर, म्हणजे गाईपेक्षा घोड्याला जास्त, हे सासरेबुवांना दाखवा. फुटांत मोजलं तर अंदाजे तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब. ही कमीत कमी. मी रुंदी साडेतीन-चार फूट ठेवली असती, कारण पाय फाकवायला जागा नसेल तर तोल सावरता येत नाही. घट्ट कोंडलं की पडणार नाही, ही समजूत उलटी आहे. बाजूचा आडबंध बांबूचा करा, गोणपाट गुंडाळून, तिच्या पोटाच्या उंचीला, आणि खाली मोकळाच सोडा. तळापर्यंत फळी मारली तर खुराला बाहेरच्या बाजूला जागा मिळत नाही. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या केंद्रीय नियमांतही बांबू सांगितलाय, किमान आठ सेंटिमीटर जाडीचा, आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे. माझा अनुभव असा की बांबू लोखंडी पाइपपेक्षा बरा. घोडी आडवी आलीच तर तो वाकतो, करवतीनं कापता येतो.

उंची. बाजारात घोड्याची उंची इंचात सांगतात. साठ इंचाची घोडी म्हणजे खांद्याशी पाच फूट, आणि दचकून मान वर केली की डोकं सात फुटांच्या आसपास. पिकअपच्या बाजू नुसत्या फळ्यांच्या असतील तर ती उडी मारायचा विचार करू शकते, म्हणून वर पाइपचा सांगाडा हवा. पण त्याच्यावर ताडपत्री टाकायची तर आठ फुटांच्या खाली नको, आणि ताणून बांधलेली हवी. फडफडणाऱ्या ताडपत्रीनं जेवढे घोडे बुजवलेत तेवढे फटाक्यांनीही नसतील. पुढचा भाग केबिनच्या उंचीपर्यंत बंद असू द्या, डिसेंबरात खानदेशातल्या पहाटेचा वारा अंगावर घ्यायला नको. मागून-बाजूनं हवा खेळती हवी. सायलेन्सरचा धूर हौद्यात शिरत नाही ना, तेही एकदा गाडी सुरू ठेवून हुंगून बघा.

यानंतरची गोष्ट बाजारातले लोक तुम्हाला हमखास चुकीची करून देतील. व्यापारी घोडी गाडीत चढवतो आणि सवयीनं आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर, आवळून मोकळा होतो. तबेल्यात आगाडी-पिछाडी ठीक. चालत्या गाडीत मागचे पाय बांधलेलं जनावर तोल कशानं सावरणार? पिछाडी अजिबात नको. आणि मोहोरकीचा, म्हणजे तोंडावरच्या साजाचा, दोर आखूड नको. डोकं वर खेचून बांधलेली घोडी फोटोत रुबाबदार दिसते, पण तिच्या श्वासनळीत साचणारा कफ आणि धूळ बाहेर यायचा मार्ग एकच आहे, मान खाली घालून फुरफुरणं. तासन्‌तास मान वर राहिली की ती घाण फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. रेसच्या घोड्यांना सांभाळणारे या प्रवासातल्या न्यूमोनियाला फार घाबरतात, आणि योग्यच घाबरतात. दोर एवढा लांब ठेवा की तोंड छातीच्या खाली नेता येईल, पण पाय दोरावरून पलीकडे जाणार नाही. गाठ ओढताच सुटणारी. दोर थेट पाइपला न बांधता मध्ये सुतळीचा एक फेरा घाला. उद्या पडलीच, तर सुतळी तुटेल, मान नाही मोडणार.

त्याच १९७८ च्या नियमांत घोड्याचं तोंड डावीकडे असावं असंही म्हटलंय, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे पाठ होते म्हणून. रुंद ट्रकमध्ये आडवं उभं करता येतं तिथं हे जमतं. पिकअपमध्ये घोडी आडवी मावत नाही, तेव्हा तोंड पुढं आणि दोर डाव्या कोपऱ्याला, म्हणजे ती आपसूक तिरकी उभी राहते. पुष्कळ घोड्यांना तिरकंच बरं वाटतं.

आता तो झकास ट्रेलर. मी त्याच्या विरोधात नाही. चांगला ट्रेलर जमिनीलगत असतो, घोडी सहज चढते आणि आत गाद्या लावलेल्या असतात. मुंबई-पुण्याकडे घोडेवाल्यांचे फ्लोट दिसतात, तेही याच विचारानं बांधलेले. हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला रेस, असा दरवर्षीचा फेरा असल्यामुळे तिथले घोडे बोरघाट चढतात-उतरतात आणि त्यांना तसल्या गाड्या लागतातच. पुण्याच्या रायडिंग क्लबांत चौकशी करा, बाजाराच्या दिवसांत कुणाचा फ्लोट धुळ्याकडे जाणार असेल तर परतीची जागा मिळेल.

पण विकत घ्यायचा झाला तर ट्रेलर म्हणजे कायद्यानं वेगळं वाहन. त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो. विकणाऱ्याकडे ते कागद आहेत का, हा पहिला प्रश्न, आणि बरेचदा बोलणं तिथंच संपतं. कागद असले तर त्याच्या खाली शिरा. वरची मॅट काढायला सांगा आणि खालून लाकडी तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचत जा. घोड्याच्या मुतानं फळ्या खालून कुजतात, वरून रंग तसाच असतो. टोक रुतलं की उठा आणि चहा पिऊन घरी या. टायरची नक्षी नवी दिसेल, कारण ट्रेलर वर्षातले अकरा महिने झाडाखाली उभा असतो. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालातला तेविसावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

त्याहून मोठा प्रश्न ब्रेकचा. दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामाच टनभर भरतो, घोड्यांसह दोन टन. त्याला स्वतःचे ब्रेक नसतील, किंवा असून गंजलेले असतील, तर उतारावर तो तुमच्या पिकअपला मागून ढकलतो. तुम्ही ओढत नसता, पळत असता. शिवाय तुमच्या पिकअपच्या कंपनीनं तिला काही ओढायची परवानगी दिलीय का, किती किलोपर्यंत, हे गाडीच्या पुस्तकात बघा. पुस्तकात काही लिहिलेलं नसेल तर गॅरेजवाल्यानं वेल्डिंग करून लावलेल्या हुकावर घोडी लटकवू नका. ट्रेलरचा भार हुकावर थोडा यायलाच हवा, एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी. नाहीतर वेग वाढला की तो शेपटासारखा हलतो. एकच घोडी असेल तर हा समतोल आणखी नाजूक.

मेहुण्यांचा ट्रॉलीवाला उत्तम वेल्डर असेल, मला शंका नाही. पण उसाची ट्रॉली आणि घोड्याचा ट्रेलर यांत फक्त आकाराचं साम्य आहे. ट्रॉलीला पाटे बहुधा नसतात, ब्रेक नसतात, आणि ऊस तक्रार करत नाही. तिथं बनवलेल्या गाडीची नोंदणी कशी करणार हाही प्रश्न आहेच. त्याच्याकडून पिकअपचा पाइपचा सांगाडा मात्र जरूर करून घ्या. सगळी टोकं घासून गोल, आतल्या बाजूला एकही बोल्ट बाहेर आलेला नको. आणि पुढे बाजूला माणूस शिरेल एवढं एक दार. घोडीच्या डोक्यापाशी पोचायला आणि वेळ पडली तर तुम्हाला चटकन बाहेर पडायला.

ट्रेलरचा विचार मुलगी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला जायला लागली की करू. वर्षातून दोन खेपांसाठी तो पोसण्यात अर्थ नाही.

एवढी तयारी करून गाडी चुकीच्या हातात दिलीत तर सगळं पाण्यात. ड्रायव्हरला खेपेवर ठरवू नका, रोजावर ठरवा. खेपेचे पैसे ठरले की त्याचा जीव घरी लवकर पोचण्यात असतो, आणि त्यात त्याचंही काही चुकत नाही. दोन दिवसांचा रोज द्या. १९७८ च्या नियमांत घोडे नेणाऱ्या मालवाहू गाडीला ताशी पस्तीस किलोमीटरची मर्यादा आहे. महामार्गावर मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खाव्या लागतील, पण डावीकडून चाला आणि खाऊन घ्या. रस्ता खराब असेल तिथं तर तोच तुम्हाला त्यापेक्षा जोरात जाऊ देणार नाही. माझ्या ओळखीचा एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, नव्या ड्रायव्हरची परीक्षा घ्यायचा. डॅशबोर्डवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा. सांडलं की परत भरायचा, बोलायचा काहीच नाही. दोन-तीनदा भरल्यावर ड्रायव्हर आपोआप लांबून ब्रेक दाबायला लागायचा. वळण पूर्ण संपेपर्यंत वेग वाढवायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याला तोंडी सांगा.

चढवताना आणि उतरवताना जास्तीत जास्त माणसं जखमी होतात, म्हणून हा क्रम चुकवू नका. चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावायचा आणि मग दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग मागचा दांडा काढायचा. उलटं केलंत तर घोडी मागं सरकते, दोर ताणला जातो, तिला वाटतं कुणी धरलं, आणि मग ती जे करते ते कुणाच्या हातात राहत नाही. फाळक्याच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या झडपेच्या, बरोबर मागे कुणी उभं राहायचं नाही, बघ्यांनी तर नाहीच. दोर हाताला गुंडाळायचा नाही. सारंगखेड्याला उंचवट्याला गाडी लावून चढवतात, त्या पद्धतीत काही वाईट नाही, फक्त हौदा आणि मातीमध्ये खूर अडकेल अशी फट ठेवू नका.

'चढत नाही, एक इंजेक्शन टोचू का?' असं बाजारात कुणीतरी विचारेलच. नको म्हणा. गुंगीतल्या घोडीला तोल सावरता येत नाही, आणि शांत घोडी म्हणून विकलेली ही मुळात टोचूनच शांत केलेली नव्हती ना, हा संशयही तिथंच फेडून घ्या. सौदा सकाळी झाला तर ती रात्र बाजारातच काढा. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर कशी आहे ते कळेल.

कागदांचं थोडक्यात. विक्रीची पावती, पशुवैद्यकाचं प्रवासायोग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या तपासणीचा अहवाल. शेवटचा टाळू नका. हा रोग माणसालाही होतो आणि झालेल्या घोड्याला मारावं लागतं. अहवाल असला तरी घरी आल्यावर तिला दोन-तीन आठवडे बाकी जनावरांपासून लांब ठेवा, पाण्याची बादलीही वेगळी.

बाजारातली ती रात्र आणखी एका कामाची आहे. विकणाऱ्याला विचारा, चंदी, म्हणजे दाणा, कसली देता, चारा कुठला, आणि चार दिवसांचा तोच चारा त्याच्याकडूनच विकत घ्या. पाण्यात थोडा गूळ घालून द्यायला तिथंच सुरुवात करा. घोड्यांना परक्या पाण्याचा वास आवडत नाही आणि प्रवासात न प्यायलेली घोडी पोटशूळ घेऊन उतरते. गुळाची चव ओळखीची झाली की नगरचं पाणी काय आणि बारामतीचं काय, तिला सारखंच. निघायच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा, सुका चारा मात्र पोटभर. गाडीत चारा द्याल तो पाण्यात बुडवून, धूळ जाऊ द्या. दर तीन-चार तासांनी अर्धा तास गाडी सावलीत उभी करा, इंजिन बंद, दोर सैल. पाणी दाखवा, मान खाली घालू द्या. तिथं उतरवू मात्र नका, महामार्गाच्या कडेला सुटलेली घोडी पकडणं म्हणजे काय ते मी एकदा पाहिलंय. पस्तीसच्या वेगानं एका दिवसात घर गाठणं तसंही होणार नाही. अंधार पडायच्या आत थांबायचं, आणि शिर्डी ते नगरच्या दरम्यान ज्याच्या गोठ्यात एक रात्र मोकळी बांधता येईल असा माणूस आत्ताच शोधून ठेवा. तिथं काय ते उतरवा.

मुलगी मागे बसणार नाही. चारशे किलोची घोडी बुजली तर त्या हौद्यात माणसाला जायला जागा नसते, आणि ती घोडी तुमच्या मुलीला अजून ओळखतही नाही. तिला केबिनमध्ये मागच्या काचेपाशी बसवा, दर थांब्याला घोडीनं किती पाणी घेतलं, लीद टाकली का, घाम आहे का, हे वहीत लिहायचं काम द्या. घरी पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, तोही तिनंच, डॉक्टरांकडून एकदा शिकून घेऊन. १०१.५ फॅरेनहाइटपर्यंत काळजी नाही. एकशे दोनच्या वर गेला, खोकली, नाक वाहायला लागलं किंवा चारा सोडला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. पिकअपमधली वाळू लगेच काढू नका. महिनाभर रोज एक वेळची चंदी त्या उभ्या गाडीतच द्या, चढून खायची आणि उतरायचं. पुढच्या खेपेला तुम्हाला चार माणसं लागणार नाहीत.

त्या तीन दिवसांचे आकडे मला कळवा. आणि घोडीचं नाव काय ठेवलं तेही.